किटली सातमध्ये, कपबशी सहामध्ये

प्रभागरचना जाहीर झाली त्या दुपारी आमचं स्वयंपाकघर सात नंबरच्या प्रभागात गेलं आणि बैठकीची खोली सहामध्ये राहिली. शालन त्या वेळी चहाचं आधण ठेवत होती, म्हणून ती सातमध्ये गेली. मी पेपर वाचत होतो, म्हणून मी सहामध्ये राहिलो. थोडं आधी उठून मी चिवड्याचा डबा शोधायला आत गेलो असतो, तर ही हकीकत सांगायची वेळ आली नसती.

दोन खोल्यांच्या मध्ये एक बोळ आहे. एका बाजूला माठ, दुसऱ्या बाजूला छत्र्यांची खुंटी. इतकी वर्षं तिथे बोळ आहे हे आमच्या लक्षातही नव्हतं. बैठकीतून उचललेला पाय थेट स्वयंपाकघरातच पडायचा. त्या दुपारी मात्र चहा येईना. मी मान वळवून पाहिलं. बोळ लांबला होता. पार टोकाला शालन हातात कपबशी घेऊन चालत येताना दिसत होती, साधारण बाटलीच्या बुचाएवढी.

तिने तोंड उघडलं, काहीतरी म्हणाली, आणि चहा गार झाला म्हणून परत गरम करायला वळली. वळताक्षणी ती स्वयंपाकघरात होती.

"येतेय हो!" हे तिचे शब्द मला दुसऱ्या दिवशी ऐकू आले.

मी नगरपरिषदेत गेलो. बोरखडी नगरपरिषदेत निवडणुकीचं टेबल गायधनींकडे आहे. शांत माणूस. समोरचा चिडला की ते काही बोलत नाहीत, उठून पंखा वाढवतात.

"प्रभागाची हद्द आमच्या घरातून गेलीये," मी म्हणालो.

"हद्द कुठून तरी जाणारच."

"पण मधला बोळ लांबलाय."

गायधनींनी नकाशा उलगडला. आमच्या आळीवरून पेन्सिलीची एक रेघ गेली होती. "पेन्सिल बोथट होती," ते म्हणाले. "रेघेला जाडी असते, खटावकर. कागदावर ती केसाएवढी दिसते. जमिनीवर उतरली की तिला जागा लागते."

"मग ती जागा कुठल्या प्रभागात धरायची?"

"कुठल्याच नाही. रेघ आहे ती."

"आणि माझी बायको?"

"त्यांची काही गैरसोय होणार नाही. त्यांचं मतदान केंद्र मुलींच्या शाळेत आहे. पंख्याची सोय आहे."

मी खोडरबर मागितलं. ते म्हणाले, नकाशाला हात लावायचा अधिकार फक्त निवडून आलेल्या सदस्यांना आहे, आणि सदस्य निवडणुकीनंतर येतील. मी काहीच बोललो नव्हतो, तरी त्यांनी पंखा वाढवला.

मग मी चालत जायचं ठरवलं. सकाळी डबा घेऊन बोळात शिरलो. माठ मागे पडला, छत्र्या मागे पडल्या. पुढे भिंतीला एक रसवंती लागली होती, तिथे एक ग्लास घेतला. मावळते नगरसेवक अण्णासाहेब शेटे यांची माणसं दोऱ्या लावून गाळे आखत होती. "नवीन जागा आहे, खटावकर, एखादा घेऊन टाका," असंही त्यांतला एक म्हणाला. ऊन उतरेपर्यंत मी चाललो. स्वयंपाकघराचा दिवा दिसत होता, तेवढाच दिसत राहिला. फोडणीचा वास आला तेव्हा मला वाटलं, आता पोचलो. म्हणून जरा दम खायला मागे भिंतीला टेकलो, तर ती बैठकीची भिंत होती. माझा पेपर तसाच खुर्चीवर उघडा पडला होता.

बोळाचं हे असं होतं. जाताना अंतर, परतताना काही नाही. घराला वळसा घालून मागच्या दाराने जायचं म्हटलं तर मागची गल्ली मला पुढच्या दाराशी आणून सोडायची. मंडईत आम्ही दोघं एकाच हातगाडीवर वांगी घेत होतो, तर हातगाडीच लांबली. शालन त्या टोकाला वांगी दाबून बघत होती. भाजीवाला तिच्याकडून माझ्याकडे सुटे पैसे घेऊन आला तेव्हा त्याला घाम फुटला होता.

मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. जन्मभर माईकवरून गाड्या सोडल्या, त्यामुळे माझा आवाज लांब जातो. मी बोळाच्या तोंडाशी उभं राहून विचारायचो आणि उत्तर दुसऱ्या दिवशी यायचं, नव्या प्रश्नाच्या डोक्यावर.

"शालन, आज भाजी कुठली?"

"हो, मगाशीच जेवले."

"गुडघा कसा आहे?"

"शेपूची भाजी."

आम्ही असे कितीतरी दिवस बोललो. खरं सांगायचं तर इतकं बोलणं आमच्यात लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर झालंच नव्हतं. आधी ती चहा आणून ठेवायची, मी "हं" म्हणायचो आणि त्यात सगळं येऊन जायचं. आता ते "हं" म्हणायला समोर कोणी नव्हतं.

चहा मात्र येत होता. तो दिगू ढवळे आणायचा. दिगू हा आमच्या आळीतला कार्यकर्ता. कोणाचा ते विचारायचं नसतं. त्याचं नाव सगळ्याच प्रभागांच्या याद्यांत असल्यामुळे तो कुठल्याच प्रभागाचा धरला जात नाही, आणि म्हणून त्याला बोळ पूर्वीएवढाच लागायचा. दोन ढांगांत यायचा. पण चहा आमच्या घरचा होता, त्याला पूर्ण अंतर पडायचं. तिकडून वाफाळता निघायचा, इकडे सायीखाली गार होऊन पोचायचा. मी साय बोटाने बाजूला करून प्यायचो. आल्याची चव तेवढी कळायची. ती आलं किसत नाही, ठेचते.

"भाऊ, उभे राहा," दिगू एके दिवशी कपबशी परत नेताना म्हणाला.

"कशाला?"

"निवडून आलात तर नकाशाला हात लावता येईल. वहिनी परत येतील. किती दिवस साय काढत बसणार?"

"मग रेघ पुसणार म्हणून सांगतो."

दिगूने कपाळाला हात लावला. "पुसणार म्हणून कोण मत देतं, भाऊ? आणणार म्हणायचं. पाणी आणणार, रस्ता आणणार. तुम्ही म्हणा, स्वयंपाकघर सहामध्ये आणणार. लोकांना काहीतरी येताना दिसलं पाहिजे."

त्याचा अनुभव दांडगा. मी ऐकलं. माझा जाहीरनामा एका ओळीचा झाला.

चिन्ह घ्यायला गेलो तेव्हा गायधनी म्हणाले, "शिट्टी गेली. पंखाही गेला. कपबशी शिल्लक आहे." मी कपबशी घेतली. परत आलो तर दिगू दारातच उभा.

"वहिनींनी पण अर्ज भरलाय. सातमधून."

"ती कशाला?"

"बैठकीची खोली सातमध्ये आणणार म्हणतात. किटली मिळालीये त्यांना."

मी खुर्चीत बसलो. खुर्ची, कोनाडा, भिंतीवरचं कॅलेंडर, सगळ्यांकडे एकदा बघितलं. "सामानासकट आणणार म्हणाली?"

"तुमच्यासकट म्हणाल्या. सोफा नको म्हणाल्या."

तो सोफा तिला कधीच आवडला नव्हता.

"पण भाऊ," दिगू डोकं खाजवत म्हणाला, "दोघं आलात तर?"

"आमच्या घरात दोन चांगल्या गोष्टी एका वेळी झालेल्या नाहीत," मी म्हणालो. "काळजी करू नकोस."

माघार घ्यायच्या दिवशी मात्र मी जेवण झाल्याबरोबर नगरपरिषदेत जाऊन बसलो. गायधनींच्या खोलीला दोन खिडक्या होत्या, एक सहाच्या उमेदवारांसाठी, एक सातच्या. मध्ये ते स्वतः चाकाच्या खुर्चीवर. खिडक्यांमधलं अंतर माझ्या डोळ्यांदेखत वाढत होतं. ते पायाने जमीन ढकलत इकडून तिकडे जायचे आणि येईपर्यंत चाकं कुरकुरताना ऐकू यायची.

"सातमधून कोणी माघार घेतली का?" मी विचारलं.

"शालनबाई खिडकीशी येऊन बसल्यात. त्याही हेच विचारतायत, सहामधून कोणी घेतली का."

"त्यांना सांगा, तू आधी घे."

गायधनी गेले. बऱ्याच वेळाने आले. "म्हणाल्या, तुम्ही आधी."

पंगतीत बसताना, एसटीत चढताना, एवढंच काय, आजारी पडतानाही आमचं हेच. तू आधी, तुम्ही आधी. पण आता मी घेतली आणि ती पडली, तर? दोघांनी घेतली, तर? मी गायधनींना पुन्हा पाठवलं. "तिला म्हणावं, तुझी घेतलीस की मी माझी घेत नाही."

ते येईपर्यंत मी खिडकीच्या गजांना धरून उभा होतो. तिकडे, फार लांब, बांगड्या वाजल्या. त्या आदल्या दिवशीच्या असणार, पण तिच्याच होत्या.

"त्याही अगदी तेच म्हणाल्या," गायधनी म्हणाले. "शब्दसुद्धा बदलला नाही." मग त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, कोपऱ्यातली काठी घेतली आणि एकाच काठीने दोन्ही खिडक्या लावल्या.

प्रचार मी सरळ केला. गाड्यांची घोषणा करायचो तशा आवाजात माईकवरून सांगायचो, "स्वयंपाकघर लवकरच सहा नंबरला लागेल. प्रवाशांनी... मतदारांनी कृपया नोंद घ्यावी." लोक हसायचे, पण दार उघडायचे.

पारूबाई तेलंगे दारात उकिडव्या बसून शेंगा फोडत होत्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुझी बायको तुला मिळावी म्हणून म्या उन्हात रांगंला हुभी राहू व्हय रं?"

"होय," मी म्हणालो.

"बरं. खरं तरी बोललास. शेट्या आला हुता, म्हणला मावशी तुमच्यासाठीच हाय सगळं." त्यांनी एक शेंग माझ्या हातावर ठेवली. "माझी चिंच गेली सातात. आमच्या ह्यांची खाट असायची तिच्याखाली. ह्ये गेलं त्याला लई दीस झालं. पर खाट दिसली की घरात कुणीतरी हाय असं वाटायचं. आता दिसती, ही एवढी." त्यांनी शेंगदाणा दाखवला. "चिंचंचं बघशील?"

"बघतो."

"लागलास का आत्तापासूनच बघायला?" असं म्हणून त्या खळखळून हसल्या आणि म्हणाल्या, "जा, दिलं तुला."

गावात रेघेपलीकडे कोणाचं ना कोणाचं काहीतरी गेलेलंच होतं. कोणाचा भाऊ, कोणाचा गोठा, एकाची तर संध्याकाळी बसायची पायरी. अण्णासाहेब गाळ्यांबद्दल बोलत राहिले आणि लोक मान डोलवत राहिले, पण त्यांची नजर बोळाकडे असायची.

मतदानाच्या दिवशी बोटाला शाई लागली तेव्हा मला वाटलं, तिच्याही बोटाला आत्ताच लागली असेल. घरी येऊन मी ते बोट बोळाकडे करून उभा राहिलो. टोकाला दिव्यासमोर काहीतरी उभं केलेलं दिसत होतं. बोट होतं की लाटणं, ते एवढ्या लांबून कळलं नाही.

मतमोजणी जुन्या गोदामात झाली. सहाची या टोकाला, सातची त्या टोकाला, मध्ये जाळी आणि पोलीस. मी बाकड्यावर बसून होतो. दिगू दोन्हीकडे धावत होता. त्याच्या खिशाच्या डाव्या बाजूला कपबशीचा बिल्ला आणि उजव्या बाजूला किटलीचा.

गायधनींनी माईक हातात घेतला, दोनदा फुंकर मारली. "प्रभाग सहा. खटावकर यशवंत. कपबशी. विजयी."

मला कोणीतरी मिठी मारली. मी जाळीकडे बघत होतो.

"प्रभाग सात. खटावकर शालन यशवंत. किटली. विजयी."

मी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जास्त वेळ मीच वाजवल्या असतील. तिने कधी काही जिंकलेलं नव्हतं. हळदीकुंकवाच्या उखाण्यातसुद्धा तिचा नंबर दुसरा यायचा. मग माझे हात हळूहळू थांबले.

मी गायधनींकडे गेलो. "आता पुढे काय?"

"जाहीरनामे लागू झाले."

"कधीपासून?"

"आत्ताच." त्यांनी नकाशावर दोन ठिकाणी टिचकी मारली. "स्वयंपाकघर सहामध्ये आलं. बैठकीची खोली सातमध्ये गेली."

"बोरखडीत आजवर कोणाचा जाहीरनामा लागू झालेला नाही," मी म्हणालो.

"आजवर कोणी एकच गोष्ट मागितली नव्हती. अंमल करायला सोपं पडलं."

"आणि रेघ?"

"रेघ आहे तिथेच आहे. रेघेबद्दल तुम्ही दोघांनीही काही म्हटलेलं नाही." मला वाटलं पंखा वाढवायला उठतील. पण ते बसूनच राहिले. "सदस्याने आपल्याच प्रभागात राहायचं असतं," ते हळू आवाजात म्हणाले. "तुम्ही सहात. म्हणजे स्वयंपाकघरात. त्या सातमध्ये, बैठकीत."

मी काही बोलायच्या आत मला उचललं.

विजयी उमेदवाराला खांद्यावरून त्याच्या प्रभागात नेऊन सोडायची आणि तोवर त्याचे पाय जमिनीला लागू द्यायचे नाहीत, ही आमच्या गावची पद्धत. पाय लागले तर पुढच्या निवडणुकीपर्यंत नळाला पाणी येत नाही म्हणतात. तसं ते न लागताही येत नाही, पण धोका कोणी पत्करत नाही. मला धरणारी पोरं तालमीतली होती. मी "उतरवा रे" म्हणालो की ती "भाऊंचा विजय असो" म्हणायची. दिगूने माझ्या हातात चिन्ह दिलं, खरीखुरी कपबशी, आमच्याच घरातली, काठाला टवका उडालेली.

गुलालाने दिवस गुलाबी झाला होता. पारूबाई पदर खोचून पुढे नाचत होत्या. "माझ्या चिंचंचं बघ रं!" त्या ओरडल्या. हे मला लगेच ऐकू आलं, कारण त्या सहाच्याच होत्या.

मिरवणूक आमच्या दारातून आत शिरली, बैठकीतून गेली. सोफ्यावर गुलाल पडला. पुढे बोळ.

या वेळी बोळ मागे सरकत होता. माठ गेला, छत्र्या गेल्या, रसवंती गेली. गाळ्यांच्या दोऱ्या पोरांनी पायाखाली घेतल्या. समोरून दुसरा ताशा ऐकू येऊ लागला. आधी ती बुचाएवढी दिसली, मग माठाएवढी, मग तिच्याएवढी. शालन खांद्यावर बसलेली होती, एका हाताने एका पोराच्या डोक्याला घट्ट धरून. केसांत गुलाल. दुसऱ्या हातात आमची अॅल्युमिनियमची किटली, आणि किटलीच्या तोंडातून वाफ येत होती.

दोन मिरवणुका बोळाच्या मध्यावर एकमेकींना घासून जाऊ लागल्या. जागा कमी होती, त्यामुळे त्या सावकाश जात होत्या.

"अहो, वाळलात," ती म्हणाली. ओठ हलले तेव्हाच ऐकू आलं.

"तूही. गुडघा कसा आहे?"

"शेपूची भाजी," ती म्हणाली आणि हसली. मग तिने माझ्या कपाळावरचा गुलाल अंगठ्याने जरा पुसला, पुसायला म्हणून जितका पुसायचा असतो तितकाच. "वरच्या फडताळात गोळ्या आहेत तुमच्या. डाळीच्या डब्यामागे. आता तुम्हालाच तिकडे राहायचंय."

"खुर्चीचा मागचा पाय हलतो," मी म्हणालो. "बसताना बघून बस."

"माहितीये मला."

"शालन, उतर."

"तुम्ही आधी."

मी खाली पाहिलं. माझ्या पायांना पोरांनी घट्ट धरलं होतं, तिच्या पायांना तिच्या पोरांनी. खाली जमीन कुठल्याच प्रभागाची नव्हती.

"थांबू नका! मागं बाकीचे विजयी उमेदवार खोळंबलेत!" दिगू दोन्ही मिरवणुकांना एकदमच ओरडला.

"कप धरा," शालन म्हणाली.

मी धरला. तिने किटली वाकवली. धार कपात पडली आणि बशीखालच्या बोटांना चटका लागला. आल्याचा वास आला, ठेचलेल्या. पोरं पुढे निघाली. मी स्वयंपाकघराकडे, ती बैठकीकडे. मी मान वळवली, मग कंबर वळवली, आणि कप धारेखालून हलू दिला नाही. तिनेही किटली सरळ केली नाही. धार लांबली. ती बोळभर लांबली, गाळ्यांवरून गेली, छत्र्यांच्या बाजूने गेली, केसाएवढी बारीक झाली, पण तुटली नाही. त्या टोकाला शालन माठाएवढी झाली, मग बुचाएवढी. चहा गरमच येत होता.

कप काठाशी आला. इतकी वर्षं मी इथे "पुरे" म्हणत आलोय. आता म्हणालो असतो तर ते तिला उद्या ऐकू गेलं असतं. मी म्हणालो नाही. एक घोट घेतला, जागा केली आणि कप पुन्हा धारेखाली धरला.